तीनशे एकची ओळ

“वय झालंय हो त्यांचं. कायमचं काय आणि तात्पुरतं काय, एवढंही आता ध्यानात राहत नाही.”

मालक फोनवर बोलत होते. त्यांची केबिन आणि माझं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, वरून फूटभर मोकळं. त्या मोकळ्या फूटभरातून अकरा महिन्यांत मी खूप काही ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायला शिकले होते. फोनवर पलीकडे एका शिक्षणसंस्थेचे सचिव होते. त्यांच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज वेबसाइटवर भरायचे होते, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती काही मुलींना उघडली नव्हती. वेबसाइट आमच्या सर्व्हरवर होती. सचिवांना चूक करणाऱ्याचं नाव हवं होतं, आणि मालक नाव देत होते.

ज्यांचं नाव दिलं जात होतं ते आतल्या खोलीत लोकरीचा स्वेटर घालून बसले होते. बाहेर सोलापुरातला मे महिना होता. आणि ज्या ओळीवरून हे सगळं चाललं होतं ती त्यांनी लिहिलेली नव्हती. ती मी लिहिली होती.

त्यांना सगळे पेंटर म्हणायचे. मालक तोंडावर पेंटरकाका म्हणत, पाठीमागे पेंटर. मी सर म्हणायचे, आणि ते त्यांना अजिबात आवडत नसे. “मी कुणाला शिकवलं नाही, पाट्या रंगवल्या,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मग काय म्हणू, असं मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीला ‘सर’ हा शब्द सोयीचा असतो, त्यात कुणाच्या जवळ जावं लागत नाही. ‘काका’ जिभेवर यायचं आणि तिथंच बसायचं.

स्वेटरचं कारण साधं होतं. सर्व्हरची खोली जेमतेम सहा बाय आठची, आणि तिथला एसी दिवसभर चालू. ते आत तासन्‌तास बसत, म्हणून स्वेटर, आणि जास्त थंडी वाजली तर माकडटोपी. तक्रार एवढीच की दुपारी बाहेर पडताना ते हे काढायला विसरत. जुळे सोलापुरातल्या आमच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत असायचं आणि हे तपकिरी स्वेटर, माकडटोपी घालून टपरीवर उभे. रिक्षावाले रोज विचारायचे, काय पेंटर, ताप आलाय का. “आतून आलोय,” एवढंच ते सांगायचे.

ते खरोखरच पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शटरवरची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. त्यांच्या हातच्या काही पाट्या शहरात अजून आहेत, आणि त्यांतली एखादी दिसली की ते स्कूटरचा वेग कमी करत. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सवरची अक्षरं किती घाण असतात हे सांगायला ते एका डीटीपीच्या दुकानात रोज जाऊन बसत. दुकानदार वैतागून म्हणाला, मग तुम्हीच काढा की चांगली. तिथं ते माउस धरायला शिकले. तिथून नेट कॅफे, तिथून मालकांच्या वडिलांकडे, आणि तिथून सर्व्हरच्या खोलीत. डिग्री नव्हती. इंग्रजी त्यांना सर्व्हर जेवढं बोलतो तेवढंच येत होतं, पण ते पक्कं येत होतं. घरी काकूंनी डायबेटिसमुळे दुसरी पुरणपोळी वाढायचं नाकारलं की ते म्हणत, “परमिशन डिनाइड.”

घरी कन्नड, बाहेर मराठी. अक्कलकोटच्या बाजूचं गाव. मोठ्या फाइलमधल्या ओळी ते कन्नडमध्ये मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु, आणि काही सापडलं की स्क्रीनवर बोट ठेवून मला म्हणायचे, “नोडव्वा.” नोडु म्हणजे बघ. अव्वा म्हणजे आई, पण त्यांच्याकडे मुलीलाही लाडानं अव्वा म्हणतात. हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मला वाटत होतं की ते मला कसली तरी सूचना देतायत.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत पांढऱ्या ऑइलपेंटचा एक छोटा डबा आणि दोन ब्रश कायम असायचे. धंदा सोडून वर्षं झाली होती, तरी. त्याचं कारण ही त्यांची खरी खोड होती. एखादं दुकान दुसरीकडे गेलं आणि बंद शटरवर नवा पत्ता लिहिलेला नसला, तर त्यांना ते सहन व्हायचं नाही. ते चौकशी करून नवा पत्ता काढत आणि स्वतः जाऊन शटरवर लिहीत. कुणी सांगितलेलं नसे. “माणूस उन्हातून येतो, दार बंद बघतो, आणि परत जातो,” ते म्हणायचे. “त्याला कुणी काही सांगत नाही. त्याला वाटतं आपलंच चुकलं.”

या खोडीपायी एकदा ऑफिसात भांडण आलं. दोघे भाऊ शिंपी, एकत्र दुकान. धाकटा वेगळा होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेला. पेंटरांनी जुन्या दुकानाच्या शटरवर एका कोपऱ्यात धाकट्याचा पत्ता लिहिला. थोरला गळ्यातल्या टेपसकट आमच्या ऑफिसात आला. माझ्या शटरवर त्याचा पत्ता? पेंटरांनी शांतपणे विचारलं, धाकट्याचं गिऱ्हाईक तुझ्या दारात आलं तर तू त्याला काय सांगणार?

“काय न्हाई सांगणार.”

“म्हणून तर लिहिलं.”

थोरल्यानं ते रॉकेलनं पुसलं. पेंटरांनी परत लिहिलं. परत पुसलं, परत लिहिलं. चौथ्या वेळी थोरला पुन्हा ऑफिसात आला तेव्हा मी घाबरून खुर्चीतच मागे सरकले. पण तो दारातूनच म्हणाला, लिहायचंच असेल तर अक्षर जरा बारीक काढा, माझ्या नावाहून मोठं दिसतंय. पेंटर त्याच दुपारी जाऊन बारीक काढून आले.

आमचं काम म्हणजे बऱ्याच अंशी हेच होतं. एखाद्या वेबसाइटचं पान हललं, नाव बदललं, तर जुना पत्ता टाकणाऱ्याला सर्व्हरनं नव्या पत्त्यावर पाठवायचं. त्यासाठी सर्व्हरच्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. कॉलेजात मी ती दहा मिनिटांत शिकले होते. पेंटरांनी ती मला दोन महिने शिकवली.

प्रत्येक साइटला दोन दारं असतात, असं ते सांगायचे. एक उघडं, एक कुलपाचं. उघड्या दारानं येणाऱ्याचं बोलणं वाटेत कुणीही वाचू शकतं, पोस्टकार्डासारखं. कुलपाच्या दारानं येणाऱ्याचं बंद पाकिटात येतं. दोघांच्या पत्त्यांत फरक एका इंग्रजी अक्षराचा, सुरुवातीच्या एचटीटीपीपुढे एस आहे की नाही, एवढाच. लोक उघड्या दारावर येतात, कारण त्यांना दुसरं दार माहीतच नसतं. आपण त्यांना हाताला धरून कुलपाच्या दाराकडे न्यायचं. आणि नेताना एक आकडा सांगायचा. तीनशे एक म्हणजे कायमचं. समोरच्याचा मोबाइल ते लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला विचारायला न येता परस्पर नव्या पत्त्यावर जातो. तीनशे दोन म्हणजे तात्पुरतं, आज तिकडे जा, उद्या परत इथंच येऊन विचार.

“कोर्टात तीनशे दोन लागलं की जन्म गेला,” ते म्हणायचे. “आपल्याकडे उलटं. तीनशे दोन म्हणजे जामीन. जन्मठेप तीनशे एकला.” हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि सांगून झाल्यावर एकटेच हसत. मग लगेच गंभीर होऊन म्हणत, कायमचं म्हणताना दहादा विचार करावा, कारण ते परत घेता येत नाही. दुसऱ्याच्या मोबाइलची आठवण आपल्याला पुसता येत नाही.

फाइलबद्दल त्यांचे नियम होते. कुठलीही ओळ पुसायची नाही. नको असेल तर तिच्यापुढे खूण करून ती झोपवायची, म्हणजे सर्व्हर ती वाचत नाही, पण माणसाला दिसते. प्रत्येक ओळीच्या वर मराठीत लिहायचं, कुठून कुठं आणि का. आणि शेवटी आपल्या नावाचं पहिलं अक्षर. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘क्लायंटच्या रिक्वेस्टनुसार सदर पेज रिमूव्ह करण्यात आलेले आहे.’ ते त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे कुणाला सांगतेस? स्टेशनवर अनाउन्समेंट चाललीय का?” मला रडू येईल असं वाटलं, पण त्यांनी खुर्ची ओढून बाजूला घेतली आणि म्हणाले, तुझ्या आईला सांगितल्यासारखं लिही. मी लिहिलं, ‘दुकान नव्या गाळ्यात गेलं. जुना पत्ता टाकणाऱ्याला तिकडे पाठवा.’ त्यांनी मान हलवली. मराठीत मी लिहिलेलं आणि कुणी मान हलवलेलं, ते पहिलंच वाक्य.

शनिवारी दुपारी ते सगळ्या फाइली वाचायचे. एखाद्या ओळीवर अक्षर नसलं तर आधी सगळ्यांना विचारत. कुणी कबूल झालं नाही तर तिथं स्वतःचं अक्षर घालत. आमच्या आधी काम सोडून गेलेल्यांच्या कितीतरी ओळी अशा त्यांच्या नावावर होत्या. मालक त्यावर हसायचे. पेंटरांचं म्हणणं होतं की बेवारस ओळ ठेवायची नाही, उद्या ती कुणाला नडली तर त्यानं कुणाकडे जायचं?

त्या संस्थेची वेबसाइट नव्या मशीनवर हलवायचं काम आलं, ते अर्ज सुरू व्हायच्या दिवशीच. कुलपाच्या दाराला एक प्रमाणपत्र लागतं, ते यायला दोन दिवस होते. पेंटर मला म्हणाले, दोन दिवसांपुरतं पान एका तात्पुरत्या पत्त्यावर ठेव आणि उघड्या दारावर येणाऱ्याला तिकडे पाठव. मी दुसऱ्या साइटची तयार ओळ उचलली, पत्ते बदलले, आकडा तसाच राहिला. तीनशे एक. वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नंतर लिहू असं ठरवलं. अक्षरही घातलं नाही. दोन दिवसांनी प्रमाणपत्र आलं. मी ती ओळ झोपवली, तात्पुरता पत्ता बंद केला, सगळं कुलपाच्या दारावर आणलं. ऑफिसात उघडून बघितलं, छान उघडत होतं.

दुसऱ्या दिवसापासून संस्थेत पालकांचे फोन जायला लागले की साइट बंद आहे. क्लार्क त्यांना सांगायचा, माझ्याकडे तर उघडतंय. मालकांनीही उघडून बघितलं आणि म्हणाले, खेड्यातलं नेट असेल. पेंटरांनी क्लार्ककडून फोन करणाऱ्यांचे नंबर मागून घेतले आणि एकाला फोन लावला. मोडनिंबचे एक गृहस्थ, हायवेला पंक्चरचं दुकान. मी समोर बसून ऐकत होते. पेंटर विचारत होते, मोबाइलवर सगळ्यात वर काय लिहिलंय? पलीकडून उत्तर आलं, टाइम लिवलाय, पावणेबारा. त्याच्या खाली? बॅटरी. पेंटरांनी फोन ठेवला, स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, “चल.”

सर्व्हरचं काम करणारा माणूस गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाचा मोबाइल बघायला एसटीनं मोडनिंबला जातो, हे मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. आम्ही सांगितलं नाही.

दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, बाहेर टायरी रचलेल्या. गृहस्थांनी हात पुसत आम्हाला सावलीतल्या बाकड्यावर बसवलं. “सायेब, आमी तर पयल्याच दिशी उघडलं हुतं की,” ते म्हणाले. “हिचा फोटू न्हवता, म्हून म्हणलं दोन दिसांनी भरू. मग बगतुय तर बंद. तवापासनं बंदच हाय.” ही म्हणजे त्यांची मुलगी, बारावी झालेली, शेडच्या खांबाला टेकून उभी होती. शेजारच्या घरातल्या मोबाइलवर उघडतं, असंही ते म्हणाले.

पेंटरांनी मोबाइल हातात घेतला. काच तडकलेली होती. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी माझ्यापुढे धरला. “नोडव्वा.”

मी बघितलं. तो माझा तात्पुरता पत्ता होता. मला एका क्षणात सगळं कळलं. ज्यांनी त्या दोन दिवसांत साइट उघडली त्यांच्या मोबाइलनं तो पत्ता कायमचा म्हणून लक्षात ठेवला होता. आता ते आमच्या दारात येतच नव्हते, परस्पर त्या बंद दारावर जाऊन थडकत होते. नंतर आलेल्यांना सगळं नीट दिसत होतं, आणि अडकल्या होत्या त्या सगळ्यात आधी आलेल्या.

पेंटरांनी मुलीला विचारलं, शेजारी उघडत होतं तर तिथून का नाही भरलास?

ती खांबाकडे बघत म्हणाली, “मला वाटलं, आमचं नाव काढलं असंल.”

“कुणी?”

“म्हाईत न्हाय. ज्यांनी काढायचं त्यांनी. नावच काढलं तर दुसऱ्याच्या मोबाइलवरनं भरून काय उपेग?”

मी लॅपटॉप उघडला. तात्पुरता पत्ता परत चालू केला आणि तिथं एक ओळ लिहिली, इथं येणाऱ्याला संस्थेच्या पत्त्यावर पाठवा. मुलीनं मोबाइलवर उघडलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं, आणि मग पाटी आली की इकडून तिकडे फार वेळा पाठवलं जातंय. पेंटर माझ्या खांद्यामागून बघत होते. मी येणाऱ्याला उघड्या दारावर परत पाठवत होते, आणि उघडं दार म्हटलं की मोबाइलला माझा आधीचा निरोप आठवत होता, तिकडे जा. घाण्याच्या बैलासारखं चाललं होतं.

“कुलपाच्या दारावर पाठव,” ते हळूच म्हणाले. “त्या दाराबद्दल त्याच्या मनात काही नाही.”

मी एक अक्षर वाढवलं. अर्ज उघडला. पेंटरांनी विचारलं, तीनशे किती लिहिलंस? मी म्हणाले, दोन. त्यांनी मान हलवली. मग मुलीचा फोटो त्यांनीच काढला, शेजारच्या चुन्याच्या भिंतीपुढे उभी करून. तिचे वडील मागून सांगत होते की हास जरा, आणि ती हसत नव्हती. अर्ज भरून झाल्यावर तिनं तो दोनदा वाचला. आपलं नाव जिथं होतं तिथं अंगठा ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

येताना एसटीत मी खिडकीपाशी बसले होते. वाटलं, आता विचारतील, तो आकडा तुझाच ना? त्यांना माहीत होतं. काम त्यांनी मलाच दिलं होतं. पण ते पूर्ण वाटभर ‘ळ’ कसा काढायचा ते सांगत राहिले. फ्लेक्सवाल्यांना ळ जमत नाही, पोटात हवा राहत नाही त्याच्या. मी हं म्हणत राहिले. शहर आलं, स्टँडवर उतरलो. ते म्हणाले, उद्या शनिवार. मी म्हणाले, हो. एवढंच आमचं बोलणं झालं.

शनिवारी दुपारी त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना विचारलं, बिनअक्षराची एक ओळ आहे, कुणाची? ऑफिसात आम्ही चौघंच होतो. मालकही तिथं होते. मी समोरच्या कीबोर्डकडे बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

रविवारी मी मालकांना तीन वेळा मेसेज टाइप केला. एकदा इंग्रजीत, दोनदा मराठीत. तिन्ही वेळा पुसला. सोमवारी लवकर येऊन फाइल उघडली, की कुणी यायच्या आत निदान माझं अक्षर तिथं घालावं. झोपलेल्या ओळीच्या वर मजकूर होता. ‘संस्थेचं पान दोन दिवसांसाठी दुसरीकडे. चुकून कायमचं सांगितलं गेलं. ज्या मुली आधी आल्या त्यांची माफी.’ आणि शेवटी त्यांचं अक्षर. मला क्षणभर हायसं वाटलं. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

तासाभरानं, सचिवांना नाव हवं म्हणून, मालकांनी तीच फाइल उघडली. त्यांनी पेंटरांना बोलावून विचारलं की शनिवारी कुणाची म्हणून विचारत होतात ती ओळ तुमचीच का. पेंटर म्हणाले, “अक्षर माझंच की.” मालक म्हणाले, मग? ते म्हणाले, मग काय. आणि स्वेटरच्या बाह्या ओढत आत निघून गेले. खोटं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. अक्षर त्यांचंच होतं.

त्या ऑफिसात आता ते नाहीत, मीही नाही. पण मी जिथं आहे तिथं अजूनही कुठली ओळ लिहिली की वर आधी अक्षर घालते आणि मग ओळ लिहिते. इथली मुलं हसतात. मराठीत का लिहिता, असंही विचारतात.

तर मंगळवारी मालक सचिवांशी फोनवर बोलत होते. मुलींना दोन दिवस वाढवून मिळाले आहेत, त्याबद्दल आभार मानून झाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “नाही नाही, तुमचं काम यापुढे त्यांच्याकडे जाणार नाही. खरं सांगायचं तर कुणाचंच जाणार नाही. महिनाअखेरीला मोकळं करतोय त्यांना. आजच सांगतो.” फोन ठेवून त्यांनी हाक मारली, पेंटरकाका, जरा येता का.

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं. थंड हवेचा एक झोत माझ्या टेबलावरून गेला. ते माझ्याजवळून जाताना थांबले आणि माझ्या स्क्रीनकडे बघितलं. मी सकाळपासून एकच ओळ उघडून बसले होते. मग ते पुढे गेले. पार्टिशनच्या पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मालक म्हणत होते, बसा, असं बघा, तुमच्याबद्दल मला आदरच आहे, वडिलांच्या वेळेपासूनचे तुम्ही. मला त्यांचा स्वेटर दिसत नव्हता, पण तो कोपरावर उसवलाय हे मला माहीत होतं. मला खांबाला टेकलेली ती मुलगी आठवली. तिला वाटलं होतं, आमचं नाव काढलं असंल. इथं आता खरोखर एक नाव काढलं जात होतं, आणि मी पुन्हा कीबोर्डकडे बघत होते.

मी उठले. पार्टिशनला वळसा घालायला सात-आठ पावलं लागतात. केबिनचं दार उघडंच होतं. मालकांनी वर बघितलं आणि त्यांना वाटलं असणार, मला सही हवी आहे. पेंटरांनी मान वळवली आणि अगदी बारीकशी हलवली, नको म्हणून. मी कुठल्या भाषेत बोलणार आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

“ती ओळ मी लिहिली,” मी म्हणाले. “तीनशे दोन लिहायचं होतं, मी तीनशे एक लिहिलं. शनिवारी विचारलं तेव्हा गप्प बसले. काकांनी फक्त तिला बेवारस राहू दिलं नाही.”